तंबूत परतल्यानंतर

बाद झालेला फलंदाज मराठीत 'तंबूत परततो'. वृत्तपत्रांची क्रीडापाने आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांचे आकाशवाणीवरील समालोचन यांच्यामुळे हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की, मैदानावर तंबूचा पत्ता नसतानाही आपण तो वापरत राहिलो. पडेगावात वाढलेल्या आम्हा मुलांना तर तो अगदी घरचा वाटे. तेव्हाच्या औरंगाबादची लष्करी छावणी आमच्या शेजारीच, आणि गावावरून जाणारा रस्ता दौलताबादचा. तंबू, छावणी, किल्ला ही भाषा आमच्या खेळात कुणी न शिकवता आली होती. पुढे मराठीचा अध्यापक झाल्यावर या शब्दप्रयोगातली एक उणीव माझ्या ध्यानात आली. समालोचक फलंदाजाला तंबूच्या दारापर्यंत पोहोचवतो आणि तेथून पुन्हा मैदानाकडे वळतो. आत गेल्यावर त्या माणसाशी कोण बोलते, कोण बोलायचे टाळते, हे आपल्याला कधीच कळत नाही. जिंकणाऱ्या संघाच्या बाबतीत ते न कळल्याने फारसे बिघडत नाही. विजयाचा आवाज बाहेर येतोच. हरणाऱ्या संघाचा तंबू मात्र बाहेरच्याला अगदी अनोळखी असतो. अशा एका तंबूत मी एक हिवाळा काढला आहे. त्याविषयी लिहायचे मात्र बरीच वर्षे टाळत आलो.

आमचा तंबू म्हणजे एक कडुनिंबाचे झाड आणि त्याखाली अंथरलेली सतरंजी. १९९०-९१ चा तो हंगाम. आदल्या वर्षी आम्ही शहरातल्या दोन नावाजलेल्या संघांना हरवले होते आणि त्यामुळे गावाला आमच्याविषयी काहीतरी वाटू लागले होते. त्या वाटण्याला लवकरच व्यावहारिक रूप आले. चामडी चेंडू, मॅटिंग आणि यष्टिरक्षकाचे हातमोजे घेण्यासाठी आम्ही घरोघर वर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. कुणी पाच रुपये, कुणी दहा. मैदानाच्या कडेला एक पडकी भिंत होती. रविवारी दुपारी त्या भिंतीवर वर्गणीदार येऊन बसू लागले. पहिला सामना हरलो तेव्हा भिंतीने आम्हाला धीर दिला. दुसरा हरलो तेव्हा सल्ले दिले. चौथ्या पराभवानंतर छावणीतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांनी आम्हाला फुटाण्यांची पुडी दिल्याशिवाय कधी मैदानात उतरू दिले नव्हते, ते म्हणाले, "पैशे आमचे अन् हरायलात तुम्ही, कामून रे?" भिंतीवर हशा पिकला. गंमत म्हणजे सर्वांत मोठ्याने हसणाऱ्यांत वर्गणी न दिलेलेच अधिक होते.

हरण्याने संघ खचतो, असे आपण सहज म्हणतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आम्ही खचलो नाही; आम्ही सुटे झालो. सुरुवातीला सतरंजीवर सगळे दाटीवाटीने बसत. पाचव्या सामन्यापर्यंत सतरंजीचा मधला भाग रिकामा राहू लागला. जो तो आपल्या धावा मोजू लागला. सलामीचा फलंदाज तीस धावा करून बाद झाला की, संघ हरला तरी तो त्या दिवशी जरा हलक्या मनाने घरी जाई आणि ते इतरांच्या नजरेतून सुटत नसे. किटची पिशवी कुणी उचलायची यावरून कुरबुर होऊ लागली. पूर्वी बाद होऊन आलेल्याला पाण्याचा तांब्या कुणीतरी नेऊन देई. आता तो स्वतःच घागरीकडे जाई. यातली एकही गोष्ट भांडण म्हणावी अशी नव्हती. पण अकरा जणांचे एक दुःख असते तोवर ते वाहता येते. त्याची अकरा दुःखे झाली की प्रत्येकाला स्वतःचे जड होते आणि दुसऱ्याचे खोटे वाटू लागते. मी कर्णधार होतो. हे सारे मला दिसत होते. पण माझे निम्मे लक्ष सतरंजीकडे आणि निम्मे भिंतीकडे असे, आणि हळूहळू भिंतीकडचा वाटा वाढत गेला.

हंगामातला शेवटचा सामना आम्ही जवळजवळ जिंकला होता. आमच्या संघात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. माझा बालमित्र, अबोल, आणि चेंडू टाकण्यापूर्वी शर्टाची बाही दोनदा ओढण्याची सवय असलेला. सात षटकांत त्याने फक्त १७ धावा दिल्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांना शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या आणि मी चेंडू त्याच्याच हाती दिला. पहिल्या दोन चेंडूंवर धाव निघाली नाही. तिसरा चेंडू फलंदाजाने उंच मारला. तो मिडऑनला, म्हणजे माझ्याकडे आला. माझ्या हातात आला आणि सुटला. दोन धावा झाल्या. पुढच्या चेंडूवर चौकार गेला, त्याच्या पुढच्या चेंडूवर दोन धावा, आणि सामना संपला. भिंतीवरून आवाज आला, "डावखुऱ्याला कामून दिली ओव्हर?" प्रश्न मला होता. मी तो तसाच पुढे ढकलला. सगळ्यांच्या देखत, भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात मी त्याला म्हणालो, "एक षटक नीट टाकता येत नाही? तुझ्यामुळं हरलो आज."

भिंत शांत झाली. तिला हवे होते ते मिळाले होते. डावखुरा काही बोलला नाही. त्याने बाही ओढली आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बूट सोडू लागला. झेल माझ्या हातून सुटलेला इतर नऊ जणांनी पाहिला होता. त्यांच्यापैकीही कुणी बोलले नाही. त्यानंतर तो कधी खेळायला आला नाही. पुढच्या हिवाळ्यात वर्गणी मागायला कुणी निघाले नाही आणि आमचा संघ कसलाही ठराव न होता संपला.

स्कोअरबुक माझ्याकडे राहिले. त्यात त्या दिवशीची नोंद आहे: सात षटके पाच चेंडू, २५ धावा. सुटलेल्या झेलासाठी स्कोअरबुकात रकाना नसतो. झेल सोडणाऱ्याच्या नावावर काहीच चढत नाही. त्यानंतर झालेल्या धावा गोलंदाजाच्या नावावर चढतात. क्रिकेटच्या हिशेबातली ही सोय कर्णधाराच्या किती कामाची आहे, हे मला त्या वहीने शिकवले.

पडेगावावरून जाणारा रस्ता ज्या किल्ल्याकडे जातो, त्या देवगिरीच्या पराभवाची एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला. धान्याची म्हणून किल्ल्यात नेलेली पोती मिठाची निघाली आणि रामचंद्रदेव यादवाला शरण जावे लागले. गोष्ट जुन्या इतिहासग्रंथांतही आली आहे. ती खरी असो वा नसो, तिच्या लोकप्रियतेचे कारण मला महत्त्वाचे वाटते. यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते, शत्रू इतक्या आत येईल याची कुणाला कल्पना नव्हती, राजधानी बेसावध होती. ही कारणे गुंतागुंतीची आहेत आणि ती सगळ्यांवर थोडी थोडी येतात. मिठाची पोती मात्र एकदाच उघडली की काम होते. हरलेल्याचा चाहता नेहमी असे एक पोते शोधत असतो. त्याला कारण नको असते, कारणाचा शेवट हवा असतो.

या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मला बेसबॉलमध्ये सापडले. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर अजिंक्यपद जिंकले नव्हते. १९८६ च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सहाव्या सामन्यात ते जिंकण्याच्या बेतात होते. अखेरच्या क्षणी एक साधा घरंगळत आलेला चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या दोन पायांमधून निसटला आणि मेट्सने सामना जिंकला. वस्तुस्थिती अशी की, तो चेंडू निसटण्यापूर्वीच बॉस्टनची आघाडी गेली होती आणि दोन्ही संघांची बरोबरी झाली होती. शिवाय सातवा सामना बाकी होता. त्यात बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि तीही गमावली. पण ६८ वर्षांची तहान एवढे तपशील ऐकून घेत नाही. तिने बकनरचे पाय तेवढे लक्षात ठेवले. पुढे बॉस्टनने २००४ साली अजिंक्यपद मिळवले. २००८ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मैदानावर हंगामाचा पहिला मानाचा चेंडू टाकण्यासाठी बकनरला बोलावले, तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. २२ वर्षांनी आणि विजयानंतर केलेली ही क्षमा होती. ती चांगलीच होती. पण जिंकल्यावर क्षमा करणे फारसे अवघड नसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे 'सहृदय' ही संकल्पना आठवल्यावाचून राहणार नाही. भरताने नाट्यशास्त्रात नटाबरोबर प्रेक्षकाचीही लक्षणे सांगितली आणि पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या केंद्रस्थानी सहृदयाला बसवले. पात्राच्या दुःखाने जो दुःखी होतो आणि तरीही स्वतःच्या लाभहानीचा विचार ज्याच्या आड येत नाही, तो सहृदय. खेळाचा चाहता या व्याख्येत अर्धाच बसतो. दुःखी तो होतोच, कित्येकदा नाटकाच्या प्रेक्षकापेक्षा अधिक. पण त्याची लाभहानी सुटत नाही. त्याने वर्गणी दिलेली असते. पैशाची नसेल तर रविवारच्या दुपारची, नाहीतर आपल्या गावाच्या अभिमानाची. नाटकातला नायक हरला म्हणून तिकिटाचे पैसे परत मागणारा प्रेक्षक आपल्याला हास्यास्पद वाटतो. भिंतीवरचा चाहता मात्र मनातल्या मनात रोज तेच मागत असतो आणि त्याची ही मागणी अगदीच निराधारही नसते. आम्ही त्याच्या दाराशी गेलो होतो, हे कसे नाकारायचे? म्हणून चाहत्याने अपेक्षाच ठेवू नये, असे मला वाटत नाही. गीतेतला फलाशेचा उपदेश हरणाऱ्याला ऐकवणे सोपे असते, आणि तो बहुधा न खेळणारेच ऐकवतात. प्रश्न एवढाच आहे की, अपेक्षेचा भार तंबूत कुणी झेलायचा. माझ्या मते तो कर्णधाराने झेलायचा असतो. भिंत आणि सतरंजी यांच्या मधोमध उभे राहणे, एवढेच त्याचे खरे काम. नाणेफेक काय, कुणीही करील.

हरणाऱ्या संघाला आणखी एक मार्ग असतो, निघून जाण्याचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचा कर्णधार पुढे खेळायला तयार झाला नाही, आणि त्याचा संघ सामना सोडून परत गेला. मराठी माणूस ही हकिगत निंबाळकरांच्या हुकलेल्या विक्रमाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मी पुष्कळदा त्या दुसऱ्या तंबूचा विचार करतो. आपली नावे एका विक्रमाच्या तळाशी कायमची कोरली जाणार, ही भीती त्या अकरा जणांना वाटली असेल, तर ती मला परकी नाही. मात्र निघून जाऊनही ती नावे सुटली नाहीत. उलट आता ती पळालेल्यांची म्हणून ओळखली जातात.

या गोष्टीला ६४ वर्षे उलटल्यावर, २३ एप्रिल २०१३ रोजी, पुण्याच्याच नावाचा एक संघ नेमक्या दुसऱ्या बाजूला उभा होता. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना. मुंबईची वेगळी, विदर्भाची वेगळी, आणि मराठवाडा पुण्याच्या पदरात. त्यामुळे आयपीएलमध्ये २०११ साली पुणे वॉरियर्स आला तेव्हा पडेगावात आम्ही त्याला आपला म्हटले. १७०० कोटींहून अधिक रुपये मोजून घेतलेला हा संघ तीन हंगामांत ४६ सामने खेळला आणि १२ जिंकला. २०१२ मध्ये पहिले दोन सामने जिंकून त्याने आशा लावली आणि शेवटचे नऊ सलग गमावले. तिसऱ्या हंगामापर्यंत मी चाहता उरलो नव्हतो, भिंत झालो होतो. त्या दिवशी बंगळुरूत ख्रिस गेलने त्यांच्याविरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. संघाच्या २६३ झाल्या. सामना मी डावखुऱ्याच्या घरी पाहत होतो. आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यांत राबलो आहोत. त्या एका दुपारीखेरीज सगळ्या विषयांवर बोललो आहोत. एका गोलंदाजाच्या दोन षटकांत ४५ धावा गेल्या, स्वतः कर्णधार फिंचच्या एका षटकात २९. प्रत्येक षटकाराला मी काहीतरी टोमणा मारत होतो. डावखुरा गप्प होता.

डाव संपल्यावर पडद्यावर गोलंदाजांचे आकडे आले. तो पुढे सरकला आणि म्हणाला, "भुवनेश्वरचं बघ. चार षटकं, तेवीस धावा."

मी पाहिले. खरेच होते. २६३ धावांच्या त्या डावात भुवनेश्वर कुमारने चार षटकांत फक्त २३ धावा दिल्या होत्या. बळी एकही नाही. मी दोन तास तो सामना पाहत होतो आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती.

"आत गेल्यावर कुणी सांगितलं असेल का रे त्याला?" तो म्हणाला.

पुण्याने त्या रात्री ९ बाद १३३ धावा केल्या. हरणे ठरलेले असताना त्यांनी वीसच्या वीस षटके खेळून काढली. ती आम्ही शेवटपर्यंत पाहिली. महिन्याभरातच, १९ मे रोजी, आपला शेवटचा सामना त्या संघाने घरच्या मैदानावर दिल्लीविरुद्ध जिंकला आणि त्याच वर्षी तो संघ आयपीएलमधून गेला. आज त्याची आठवण निघते ती बहुधा गेलच्या १७५ धावांपुरती.

मी आता निवृत्त झालो आहे. अध्यापनाच्या वर्षांत निकाल लागला की विभागाच्या बैठकीत आम्ही 'यंदाची मुलेच कच्ची' असे म्हणत असू. घरचे, संस्थेचे, समाजाचे प्रश्न भिंतीवरून यायचे आणि आम्ही ते मुलांकडे ढकलायचो. गुणपत्रिकेतही सुटलेल्या झेलासाठी रकाना नसतो. जो धडा मी घाईत उरकला, जी शंका मी हसण्यावारी नेली, तिचे गुण मुलाच्या नावावर कापले गेले. त्या २०१३ च्या रात्रीनंतर मी एक सवय लावून घेतली. नापास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर उघडायची आणि त्यातली 'चार षटके' आधी शोधायची. ती प्रत्येक वेळी सापडली असे नाही. पण शोधताना माझे स्वतःचे सुटलेले झेल बरेच सापडले.

त्या रात्री निघताना मी चपला घालत होतो. तो दारापर्यंत आला होता. मी वर न बघताच म्हणालो, "त्या दिवशीचा झेल माझा होता."

"होय," तो म्हणाला. "डोळ्यांवर ऊन होतं तुझ्या."

मला वाटले, विषय संपला. मी पायरी उतरलो. मागून तो शांतपणे म्हणाला, "पण तेव्हाच म्हणाला असतास, तर अजून दोन-चार वर्षं खेळलो असतो मी."